इंजिन बांधलं, पण गाडी चालू होईना

बोर, पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सगळं नवं टाकलं, किका मारून पोटऱ्या भरून आल्या, तरी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी हूं की चूं करत नाही. अशा वेळी पहिली धाव स्पेअरच्या दुकानाकडे जाते: नवा प्लग, नवा सीडीआय (स्पार्कची वेळ सांभाळणारा डबा), नवी कॉइल. ती धाव आधी थांबवा. इंजिन खोललं त्या दिवशी सीडीआय चांगला असेल तर ठेवल्याठेवल्या तो सहसा जात नाही. जिथे पाना लागला, बिघाड बहुतेक तिथेच असतो.

सुरुवात प्लगपासून करा. आठ-दहा किका मारून लगेच प्लग काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, ओला निघाला तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा चोकची गरज नसते. सवयीने चोक ओढला की सिलिंडर ओव्हरफ्लो होतो. मग पेट्रोलचा कॉक बंद करा, चोक सोडा, प्लग बाहेर ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि दहा-पंधरा किका मारा. पेट्रोलची वाफ प्लगच्या भोकातून जोरात बाहेर येते, म्हणून त्या वेळी प्लगची टोपी भोकाजवळ नको आणि चावी बंद हवी. प्लग पुसून गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा.

आता कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा उडायला हवा. उडत नसेल तर भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा. आता जोर वाढला तर गळती रिंगांतून आहे. नव्या होन केलेल्या (आतून बारीक घासलेल्या) बोरमध्ये रिंगा बसेपर्यंत कॉम्प्रेशन थोडं कमी राहतंच, पण अगदीच नसेल तर तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत आलीत का, रिंग उलटी बसली का, हे बघावं लागेल. रिंगेवरच्या शिक्क्याची बाजू वर आणि तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर हवीत.

ऑइल टाकूनही फरक पडला नाही तर वॉल्व्हकडे या. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. वॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा खोल बसतो, म्हणून त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली, जागा कमी होते. टॅपेट जुन्याच सेटिंगवर ठेवला तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. त्यामुळे हेड बांधल्यावर टॅपेट थंड इंजिनवर नव्याने लावावाच लागतो. बऱ्याच १०० सीसी गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिमी लागतो. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर आणा, अंदाजाने लावू नका.

टॅपेट नीट असूनही हवा धरत नसेल, किंवा कार्बोरेटरमधून फट्ट आवाज येत असेल, तर क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेन तपासा. मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाचं) नट पान्याने इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा आणि मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) कव्हरच्या खाचेसमोर आणा. कॅमच्या स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेसमोर आली पाहिजे आणि दोन्ही रॉकर सैल हलले पाहिजेत. ‘टी’ जवळच ‘एफ’ ही खूणही असते; ती स्पार्कची आहे, तिच्यावर चेन लावली की सगळं फसतं. स्प्रॉकेटला २८ दात असतील तर एक दात चुकला की कॅम १३ अंश आणि क्रँक जवळजवळ २६ अंश चुकतो. चेन बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळवा. फिरताना अडकलं तर जोर लावू नका, वॉल्व्ह पिस्टनला लागतोय. अशी गाडी उतारावर ढकलून चालू करायला गेलात तर वॉल्व्ह वाकतील.

स्पार्क बघायला प्लग हेडला टेकवून धरा. इथे दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे रंग: इंजिन पॉलिश करून चंदेरी मारलं की अर्थिंगच्या बोल्टखालीही रंग जातो, तो खरवडून काढा. दुसरी म्हणजे मॅग्नेटची ‘की’, म्हणजे त्याला क्रँकवर जागेवर धरणारा तुकडा. नट सैल राहिलं की अर्धचंद्राच्या आकाराची ती बारीक की कापली जाते. स्पार्क दिसतो, पण चुकीच्या क्षणाला पडतो. किक उलटी मारत असेल तर आधी हीच की बघा. पिकअप कॉइलचा (स्पार्कचा इशारा देणाऱ्या कॉइलचा) कपलरही घट्ट आहे ना, ते बघा.

प्लग कोरडा असेल तर कार्बोरेटरच्या बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करा. पेट्रोल आलं पाहिजे. इंजिन महिनाभर खोलून पडलं असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो. कार्बोरेटर आणि हेडमधला पॅकिंग किंवा ओ-रिंग हवा खात असेल तरीही गाडी चालू होत नाही. इनटेकच्या तोंडात कोंबलेली चिंधी तशीच राहणं, खळ्यात उभ्या ठेवलेल्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर करणं, हे हसण्यावारी नेऊ नका. सायलेन्सर सैल करून एक किक मारली की लगेच कळतं. इंजेक्शनच्या गाडीत चावी लावल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज ऐका आणि सेन्सरचे कपलर तपासा.

चालू करण्याआधी प्लग काढून वीस-पंचवीस किका मारा आणि टॅपेटचं झाकण उघडून ऑइल वर पोचलं का ते बघा. वर कोरडं असेल तर चालू करू नका. नवा कॅम कोरडा फिरला की पहिल्याच मिनिटाला त्यावर ओरखडे पडतात.