लहान विमानतळाच्या सुरक्षेचा खर्च मांडताना या चुका टाळा

जिल्ह्याला विमान हवं म्हटलं की धावपट्टीचा खर्च पै-पैपर्यंत मांडला जातो. सुरक्षा तपासणीसाठी मात्र शेवटच्या पानावर एक ओळ: ‘एक्स-रे मशीन, डीएफएमडी (प्रवासी ज्यातून चालत जातो ती धातुशोधक चौकट), इत्यादी’. खरा खर्च या ‘इत्यादी’तच असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कामाच्या प्रत्येक जागेमागे एकच माणूस धरणं. दिवसाला एकच एटीआर (पंख्याचं लहान विमान), सत्तरेक आसनं, तरी प्रवेशद्वार, एक्स-रेचा स्क्रीन, बॅग उघडून बघणं, पुरुषांची झडती, महिलांची झडती आणि विमानाची शिडी या जागा भराव्याच लागतात. प्रवासी कमी म्हणून त्यातली एकही गाळता येत नाही. शिवाय ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्यांचे ५२ गेले, मग रजा, आजारपण, प्रशिक्षण. स्क्रीनवर तर एकाच माणसाला सलग वीसेक मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये, नजर मरते.

एका विमानतळावर (नाव घेत नाही) महिलांच्या झडतीसाठी प्रशिक्षित शिपाई एकच होती. एके दुपारी तिचं मूल तापाने फणफणलं, ती येऊ शकली नाही. महिला प्रवासी रांगेत उभ्या. ठाण्यातून दुसरी शिपाई धावत आली, पण तिचं विमान सुरक्षेचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला लावता येईना. तिथे रात्री उड्डाणाची सोय नाही. सूर्य मावळला आणि फेरी रद्द झाली. रांगेत एक आजी होत्या, मुंबईला डोळ्यांच्या ऑपरेशनला निघालेल्या. एका पगाराची बचत त्यांच्या माथी मारली गेली, याचा मला आजही राग येतो.

म्हणून मी प्रत्येक जागेला दीड माणूस धरतो आणि महिला शिपाई दोनच्या खाली कधीच लिहीत नाही.

दुसरी चूक, ‘तिकिटातून सुरक्षा शुल्क कापतात, त्यातून भागेल’ हे गृहीतक. जुलै २०१९ पासून हे पैसे नॅशनल एव्हिएशन सिक्युरिटी फी ट्रस्टकडे जातात, तुमच्या विमानतळाच्या खात्यात नाही. एप्रिल २०२१ मध्ये देशांतर्गत दर २०० रुपये झाला. त्या दराने सत्तर प्रवाशांचे १४,००० होतात, तेही विमान भरलं तर. जवानांचा पगार मात्र विमान रिकामं असो वा रद्द, द्यावाच लागतो. उडान योजनेतल्या (लहान शहरं विमानाने जोडणारी केंद्राची योजना) विमानतळांवर सुरक्षा आणि अग्निशमन मोफत पुरवणं ही राज्य सरकारची जबाबदारी आहे. ‘मोफत’ म्हणजे विमान कंपनीला मोफत. तो बोजा राज्याच्या तिजोरीवर, बहुतेकदा जिल्हा पोलिसांच्या मनुष्यबळावर पडतो. पोलीस अधीक्षकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा.

मशीनची किंमत लिहिताना देखभालीचा करार आणि यूपीएसही लिहा.

खासगी रक्षक रांग लावायला चालतील, झडतीला नाही.

‘आधी विमान सुरू करू, सुरक्षेचं मग बघू’ म्हणणाऱ्या उतावळ्यांना माझं एकच सांगणं: बीसीएएसची (विमान सुरक्षेचं नियमन करणारी केंद्राची संस्था) मंजुरी हातात येईपर्यंत उद्घाटनाची तारीख छापू नका.