नॅरोबोट रस्त्याने नेताना या चुका टाळा

ब्रिटनमधले बहुतेक कालवे एकमेकांना जोडलेले आहेत, पण सगळे नाहीत. वेल्समधला मॉनमथशर अँड ब्रेकन, सॉमरसेटमधला ब्रिजवॉटर अँड टाँटन, स्कॉटलंडमधले फोर्थ अँड क्लाइड आणि युनियन, नॉरफकमधले ब्रॉड्स : बर्मिंगहॅमला बांधून ठेवलेली नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांसाठी बनवलेली लांबट बोट, आतल्या पाण्याने यांपैकी कुठेही पोहोचत नाही. मग ६ फूट १० इंच रुंद, ५०-६० फूट लांब आणि १५-१६ टन वजनाची ती पोलादी बोट क्रेनने उचलायची, ट्रेलरवर ठेवायची आणि शेकडो मैलांवर दुसऱ्या क्रेनने पाण्यात सोडायची.

पहिल्यांदा बोट पाठवणाऱ्याला धास्ती असते ती मोटरवेची. खरं तर नीट बांधलेल्या बोटीचा रस्त्यावरचा प्रवास हा या सगळ्या कामातला सर्वांत निवांत भाग. नुकसान होतं ते दोन टोकांना, उचलताना आणि उतरवताना. त्याची कारणंही बहुतेक वेळा काही आठवडे आधीच्या फोनवर आणि कागदांवर सापडतात.

गरज आहे का, आणि बोट तिथे मावते का, हे न तपासणं

लँकेस्टर कालवा पूर्वी कालव्यांच्या मुख्य जाळ्यापासून तुटलेला होता. २००२ मध्ये रिबल लिंक ही जोडवाट सुरू झाली आणि भरती-ओहोटीच्या नदीतून, आधी नोंदणी करून, तिथे पाण्यानेच जाता येऊ लागलं. बोट आणि मालक या दोघांची तयारी असेल, तर तिथे क्रेनवर खर्च करायचं कारण उरत नाही.

लांबीचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. मिडलंड्समधल्या अरुंद कालव्यांत ७० फुटी बोट आरामात फिरते. तीच यॉर्कशरच्या काल्डर अँड हेबलवर नेली, तर तिथली लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या कोठड्या, सुमारे ५७ फुटांचीच आहेत. फोर्थ अँड क्लाइडवर मर्यादा साधारण ६८ फूट आहे. म्हणजे पूर्ण लांबीची नॅरोबोट ट्रेलरवरून स्कॉटलंडला पोहोचेल, पाण्यातही उतरेल, आणि पहिल्या लॉकपाशी अडेल. लॉकची लांबी, पुलांखालची उंची आणि पाण्याची खोली हे तीन आकडे त्या त्या जलमार्गाच्या संस्थेकडून लेखी घ्या. बोट विकणाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका.

परवान्याचंही तसंच. कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना इंग्लंड-वेल्समधल्या त्यांच्या पाण्यापुरता असतो. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश कॅनल्सचा वेगळा, ब्रॉड्सवर ब्रॉड्स अथॉरिटीचा टोल वेगळा. बोट सेफ्टी सर्टिफिकेट चार वर्षांचं असतं. ते सहलीच्या मधोमध संपत नाही ना, हे पाहून ठेवा. आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याची स्थिती बघा. २०२५ च्या कोरड्या हंगामात लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा पाण्याअभावी बंद ठेवावा लागला होता. परतीची क्रेन ज्या गावी ठरवली आहे तिथे बोट पोहोचू शकली नाही, तर पर्यायी जागा कोणती, हे आधीच ठरलेलं हवं.

वजन अंदाजाने सांगणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो.

क्रेनवाला विचारतो, ‘बोट किती टन?’ मालक खरेदीच्या कागदावरचा आकडा सांगतो. पण तो कागद बोट नवी असतानाचा. त्यानंतर तळ झिजला म्हणून त्यावर ६ मिलिमीटरचा नवा पत्रा जोडला असेल, तर ५७ फुटी बोटीचं वजन एवढ्यानेच सुमारे दीड टनाने वाढतं. शिवाय तोल राखायला केबिनच्या फरशीखाली भरलेलं वजन, जादा बॅटऱ्या, कोळशाच्या गोण्या, टाक्यांतलं पाणी.

वजन पडताळायची सोपी रीत आहे. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते आणि १ घनमीटर पाणी म्हणजे १ टन. बोटीचा तळ पाण्याखाली किती आहे ते पुढे, मध्ये आणि मागे मोजा आणि सरासरी काढा. तिला तळाच्या लांबी-रुंदीने गुणा, मग दोन्ही टोकांच्या निमुळतेपणासाठी थोडी वजावट करा. कागदावर १४ टन लिहिलंय आणि हिशेब १७ सांगतोय, तर क्रेनवाल्याला १७ सांगा.

हे इतकं का महत्त्वाचं? कारण ‘५० टनी’ क्रेन ५० टन उचलते ती अगदी जवळचं ओझं. तिचा हात दहा-बारा मीटर बाहेर गेला, की ती क्षमता तिच्या लहानशा अंशावर येते. बोट पाण्यात आणि क्रेन काठापासून मागे, त्यामुळे अंतर आपोआप वाढतं. दोन टनांची चूक म्हणजे त्या दिवशी क्रेन बोट न उचलता परत जाते, आणि भाडं मात्र द्यावं लागतं. त्याहून वाईट काय होऊ शकतं, ते सांगायची गरज नाही.

क्रेन ‘भाड्याने’ घेणं

क्रेन दोन प्रकारे मिळते आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या भाड्यात उचलण्याची आखणी, देखरेख आणि विमा यांची जबाबदारी भाड्याने घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते. ‘कॉन्ट्रॅक्ट लिफ्ट’मध्ये ती क्रेन कंपनी घेते. दुसरा प्रकार महाग आहे, तरीही खाजगी बोटमालकाने तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ज्याला उचलण्याची योजना लिहिता येत नाही, त्याने ती जबाबदारी सहीनिशी अंगावर घेऊ नये.

जागेची पाहणी कंपनीच्या माणसाने प्रत्यक्ष येऊन केलेली हवी. क्रेनचे पाय टेकतील तिथली जमीन, काठाची जुनी दगडी भिंत, वरून गेलेल्या विजेच्या तारा, वाटेतल्या पुलाची वजनमर्यादा, लांब ट्रेलर वळेल की नाही : हे फोटो बघून समजत नाही. जागा ट्रस्टची असेल तर त्यांची परवानगीही लागते.

विम्याबद्दल ‘असेलच’ म्हणणं

ब्रिटनमधले पुष्कळ वाहतूकदार रोड हॉलेज असोसिएशन या त्यांच्या संघटनेच्या अटींवर काम करतात. त्या अटींत नुकसानभरपाईची नेहमीची मर्यादा दर टनाला १,३०० पाउंड आहे. १५ टनांच्या बोटीला होतात १९,५०० पाउंड. बोटीची किंमत याच्या तिप्पट-चौपट सहज असते. तुमच्या बोटीच्या विम्यात रस्त्यावरचा प्रवास आणि क्रेनने उचलणं धरलेलं आहे का, हे कंपनीला स्पष्ट विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं ‘हो’ चालणार नाही.

लांब बोटीसाठी आणखी एक कागद आहे. ओझं १८.६५ मीटरच्या, म्हणजे साधारण ६१ फुटांच्या पुढे असेल, तर पोलिसांना कामाचे पूर्ण दोन दिवस आधी कळवावं लागतं. हे वाहतूकदार करतो, पण तुम्ही लांबी चुकीची सांगितली तर तो कसं करणार? सुकाणू आणि पुढचा बंपर धरून मोजा.

पट्टे कुठे येणार हे आयत्या वेळी ठरवणं

बोट दोन रुंद पट्ट्यांवर उचलली जाते. पट्टा निमुळत्या भागावर आला तर सरकतो. प्रोपेलर, सुकाणू किंवा गंज रोखण्यासाठी बाजूला वेल्ड केलेल्या ॲनोडवर (धातूच्या तुकड्यावर) आला तर ते मोडतं. इंजिन मागे असल्यामुळे वजनही मागे जास्त असतं, म्हणून पट्ट्यांच्या जागा बोटीच्या लांबीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर नसतात. कडेवर खडूने खुणा करा आणि बोट वर असताना तळाचे फोटो काढून ठेवा. परतीला ते उपयोगी पडतात. वर पट्टे एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या आडव्या दांड्या लावल्या नाहीत, तर पट्टे आत ओढले जाऊन केबिनच्या कडा आणि कठडे चेपतात. ‘दांड्या आणणार ना?’ हा प्रश्न आदल्या दिवशी विचाराच.

पाण्याची टाकी बहुधा अगदी पुढे असते आणि तिच्यात अर्धा टन पाणी सहज मावतं. ती रिकामी करा, शौचालयाची टाकीही. गॅस बंद, स्टोव्हमधली राख काढलेली, बॅटरीचा स्विच बंद. चिमणी, सोलर पॅनल, सायकली, कापडी छत छतावरून उतरवा. मोटरवेवरचा वारा सैल कापड फाडतो. काचेची भांडी चादरींत गुंडाळून केबिनच्या फरशीवर ठेवा. उचलताना बोटीत कोणीही नको, कुत्रंही नको.

तळ न धुता दुसऱ्या पाण्यात सोडणं

याबद्दल मला फार वाटतं. आयर्लंडच्या शॅनन नदीत झेब्रा शिंपले ही परकी जात १९९७ मध्ये सापडली. ब्रिटनमधून आणलेल्या बोटींच्या तळाला चिकटून ते आले असं मानलं जातं, आणि आज तिथल्या मोठमोठ्या तलावांत ते पसरले आहेत. बोट वर असते त्या अर्ध्या तासात तळ, सुकाणू, प्रोपेलर आणि जाळ्या खरवडून धुवा. बोटीच्या आत तळाशी साचलेलं पाणी तिथेच काढून टाका, दोर वाळवा. ब्रिटनमधल्या मोहिमेची घोषणा ‘तपासा, धुवा, वाळवा’ अशीच आहे.

पाण्यात टेकताच पट्टे सोडायला सांगणं

क्रेनवाल्याला घाई असते, तुम्ही करू नका. बोट तरंगू लागली तरी पट्टे तिच्याखालीच असू द्या आणि आत उतरून बघा : स्टर्न ग्लँडमधून (प्रोपेलरचा दांडा बाहेर जातो तिथल्या सीलमधून) पाणी येतंय का, वीड हॅचचं (प्रोपेलरवरच्या झडपेचं) झाकण घट्ट बसलंय का, तळाशी ओल आहे का. गळती दिसली तर त्याच क्षणी पुन्हा वर घेता येते. पट्टे सुटल्यावर पंपावर भिस्त.

पुढच्या दोन दिवसांत काय बिघडतं

इंजिन सुरू होतं, तासभर चालतं आणि दम तोडत बंद पडतं : टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ ट्रेलरच्या हादऱ्यांनी ढवळला गेलाय आणि फिल्टर तुंबलाय. इंधनातलं पाणी वेगळं करणारं भांडं रिकामं करा, फिल्टर बदला, इंधनातली हवा काढा. एक फिल्टर पुरत नाही, तीन-चार जवळ ठेवा. बोट पाठवण्याआधी टाकीच्या तळातला गाळ उपसला असेल तर हा त्रास बराच वाचतो.

इंजिन तापतंय, पण शीतक पुरेसं आहे : बोट कलल्यामुळे बाजूच्या स्किन टँकमध्ये, म्हणजे बोटीच्या पत्र्याला लागून शीतक थंड करणाऱ्या टाकीत, हवा अडकली असेल. टँकवरचा हवा काढायचा स्क्रू, इंजिन थंड असताना, हळूच सैल करा आणि शीतक बाहेर यायला लागलं की बंद करा.

केबिनचं दार घासतंय किंवा टाइलला बारीक तडा गेलाय : दोन पट्ट्यांवर लटकताना सांगाडा किंचित वाकतो. दार बहुधा एक-दोन दिवसांत पूर्ववत होतं. तड्याचा फोटो मात्र लगेच काढून वाहतूकदाराला त्याच दिवशी लेखी कळवा, कारण उशिरा कळवलेला दावा टिकवणं अवघड जातं.