रत्नागिरी ते अलिबाग, किनाऱ्याकिनाऱ्यानं निवांत (लातूरकडून निघणाऱ्यांसाठी)

आपल्याकडं समुद्र म्हणलं की सगळे आधी पुणं गाठतात, मग ताम्हिणी नायतर एक्स्प्रेसवे, आणि मग वरून खाली कोकण. माझं म्हणणं उलटं आहे बगा. नागपूर-रत्नागिरी हायवे नांदेड, अहमदपूर, लातूर, औसा करत आपल्या दारावरूनच जातो, तोच धरायचा. तुळजापूरला दर्शन, मग सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट आणि थेट रत्नागिरी. तिथून किनाऱ्यानं वर अलिबागपर्यंत. असं गेलं की समुद्र कायम डाव्या हाताला राहतो, म्हणजे वाटेल तिथं गाडी बाजूला घेता येते, वळणावर समोरून एसटी येत असताना रस्ता ओलांडायची गरज नाही. आणि परत येताना वाटेत पुणं लागतंच, तिथं शिकायला असलेल्या लेकराला भेटून डबा देऊन येता येतं.

लातूर ते रत्नागिरी एका दमात मारायचा हट्ट करू नका. कोल्हापूरच साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतंय, तिथं मुक्काम करा, तांबडा-पांढरा हाणा आणि सकाळी आंबा घाट उजेडात उतरा.

आता मुद्द्याचं. आपल्याला सवय अशी की शंभर किलोमीटर म्हणजे दोन तास. हे गणित कोकणात घरीच ठेवून जायचं. तिकडं रस्ता एका गाडीपुरता, वर चढतो, खाली उतरतो, मधीच गावाच्या बोळातून जातो, आणि पुढं खाडी आली की रस्ताच संपतो. म्हणून प्लॅन किलोमीटरवर नाही, खाड्यांवर करायचा. दिवसाला एकच खाडी, संपला विषय.

वाटेत फेरीबोटीच्या चार जागा लागतात. जयगड ते तवसाळ शास्त्री नदीवर, धोपावे ते दाभोळ वाशिष्ठीवर, वेसवी ते बागमांडला सावित्रीवर आणि दिघी ते आगरदांडा राजपुरीच्या खाडीत. गाडीसकट बोटीत बसायचं, थोड्या वेळात पलीकडं. बोट चुकली तर मात्र रस्त्यानं फिरून जायला तासन्‌तास जातात, त्यामुळं आदल्या रात्री जिथं राहिलात तिथल्या मालकाला उद्याच्या बोटीच्या वेळा विचारून घ्या, नेटवरच्या जुन्या वेळापत्रकावर जाऊ नका. जेट्टीवर गेल्यावर घाई करायची नाही. पोरगा हातानं इशारे करत गाडी इंच इंच आत घेतो, कधी रिव्हर्सबी घ्यायला लावतो, आरसे मिटवा, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि खाली उतरून कठड्याजवळ जाऊन उभे राहा. आतच एसी लावून बसायचं असलं तर लातूरलाच बसलेलं काय वाईट होतं?

भरती-ओहोटी समजून घ्या, कारण दुष्काळी भागातल्या माणसाला ह्याचा अंदाज नसतोय. कोकणातली सोपी युक्ती आहे, त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पंचमी असली तर पावणेचार. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्तच चढतं आणि जास्तच उतरतं. अंदाजापुरतं हे बास, पण पाण्यात उतरायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचंच. हरिहरेश्वरची डोंगराभोवतीची प्रदक्षिणा फक्त ओहोटीलाच करायची, तिथं लाटेनं माणसं ओढली गेलेली आहेत. आणि गाडी वाळूत घालायची नाही म्हणजे नाही, रीलसाठीसुद्धा नाही. ओल्या वाळूत चाक रुतलं आणि भरती सुरू झाली की ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात पाणी.

मुक्काम मी असे धरीन: रत्नागिरी, गुहागर, दापोलीच्या बाजूला हर्णै नायतर आंजर्ले, मग दिवेआगर, शेवटी अलिबाग. पहिल्या टप्प्यात आरे-वारेचा रस्ता आणि गणपतीपुळे येतंच. तवसाळला उतरलं की हेदवी, वेळणेश्वर करत दुपारपर्यंत गुहागर. हर्णैला माशाचा लिलाव बघा, घ्यायचं नसलं तरी. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करून पुढं केळशी, वेळास. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, त्यासाठी तिथंच एक मुक्काम वाढवा. श्रीवर्धन ते दिवेआगर मात्र आरावी-शेखाडीवरूनच जायचं, सगळ्या ट्रिपमधला माझा आवडता तुकडा तो, समुद्र अगदी चाकाशेजारी. शेवटच्या दिवशी मुरूडला जंजिरा आणि काशीद.

जेवणाचं म्हणाल तर घरगुती खानावळीत आधी फोन करून किती माणसं आणि व्हेज का नॉनव्हेज ते सांगावं लागतं, ऐनवेळी गेलं की नुसता डाळभात. नारळ जास्त, तिखट कमी, म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा सोबत असू द्या, पण सोलकढीला नाक मुरडू नका. धपाटे पहिल्या दोन दिवसांतच संपवा, दमट हवेत टिकत नाहीत.

पेट्रोल गुहागर, दापोली, श्रीवर्धन असं मोठं गाव आलं की भरून घ्यायचं, टाकी अर्धी असली तरी. रोख पैसे ठेवा, मधे मधे रेंज जाते आणि यूपीआय लटकतंय. मॅपबी आधीच ऑफलाइन डाऊनलोड करा.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, फक्त नाताळ ते एकतीस डिसेंबर सोडून. आंब्यासाठी मे मध्ये जायचं असलं तर जा, पण तिथला घाम आपल्या कोरड्या उन्हासारखा नसतोय, म्हातारी माणसं हैराण होतात. पावसाळ्यात ही ट्रिप नकोच. आणि अलिबागहून रविवारी संध्याकाळी निघू नका, अर्धी मुंबई त्याच वेळी परत निघालेली असते. सोमवारी सकाळी निघा, पेण-खोपोलीवरून दुपारी पुण्यात.