वास्तुविशारदाच्या नोंदीत घराणं किती?

अमळनेरात बसून मी मराठी विकिपीडियावर वास्तुविशारदांच्या नोंदी लिहितो. आमच्या खानदेशात माणसाची माहिती विचारली की गाव, कुळ, सोयरे, भाऊबंद सगळं येतं. लोक मायेनं सांगतात. नोंदीत मात्र तेवढंच घ्या, ज्यानं त्यांचं काम घडलं.

बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, घरचा धंदा फर्निचरचा. हे ठेवाच. लॉरी बेकर यांचं १९४८ साली लग्न झालं. पत्नी एलिझाबेथ डॉक्टर. दोघांनी हिमालयातल्या पिथोरागडला दवाखाना चालवला, आणि तिथल्या दगडामातीच्या घरांतून बेकर स्थानिक बांधकाम शिकले. अशा पत्नीला एका ओळीत उरकू नका, परिच्छेद द्या.

आजोबा धाब्याची घरं बांधणारे गवंडी असतील, तर तेही मोलाचं. पण छापील आधार हवा, घरच्यांचं तोंडी सांगणं चालत नाही. चुलत्यांची पाटीलकी, मुलांच्या नोकऱ्या, जावयाचं गाव सरळ गाळा. हयात नातेवाइकांची नावं तर उगाच देऊच नका. अपवाद त्याच क्षेत्रात काम करणाऱ्यांचा: दोशींची नात खुशनू स्वतः वास्तुविशारद, तिचं नाव हवंच.