गॉसप्लानच्या पद्धतीने पोलादाचा ताळेबंद कसा मांडायचा

सोव्हिएत संघात किमती सरकारच ठरवत असे, म्हणून टंचाई कुठे आहे हे किमतींवरून कळत नसे. १९२१ साली स्थापन झालेल्या गॉसप्लानने, म्हणजे तिथल्या सरकारी नियोजन आयोगाने, मुख्य मालाचं वाटप त्यामुळे रुबलांत नाही, टनांत मांडलं.

प्रत्येक मालाचं वेगळं पान असतं; पोलादाच्या पानाला दोन बाजू करा. आकडे समजण्यापुरते, हजार टनांत. जमेला आरंभीची शिल्लक ४०, उत्पादन ९४०, आयात २०, एकूण १०००. खर्चाला यंत्रकारखाने ४८०, बांधकाम ३७०, रेल्वे १३०, निर्यात ३०, अखेरची शिल्लक ५०, एकूण १०६०. तूट ६०.

कारखान्याने मागितलेला आकडा तसाच उचलू नका. नियोजित नगांना नगामागे लागणाऱ्या पोलादाने, म्हणजे नॉर्मने, गुणा: २०,००० यंत्रं, प्रत्येकी ३ टन, म्हणजे ६० हजार टन. खरी गोम नॉर्ममध्येच आहे. तो बहुधा मागच्या वापरावरून ठरतो, म्हणजे यंदा काटकसर केली की पुढच्या वर्षीचा कोटा कापला जातो. मग व्यवस्थापक मागणी फुगवतो, माल दडवतो. मागणीपत्रासोबत गोदामाची मोजलेली शिल्लक घ्याच.

आता तूट. उत्पादन ६० ने वाढवून पान बंद केलंत तर कोळशाचं पान उघडं पडतं. टनभर पोलादाला ०.८ टन कोळसा आणि टनभर कोळशाला ०.०५ टन पोलाद लागतं असं धरा. ६० पोलादाला ४८ कोळसा, त्याला आणखी २.४ पोलाद, त्याला १.९२ कोळसा... फेऱ्या संपेपर्यंत पोलाद ६२.५ आणि कोळसा ५० वाढवावा लागतो. इथे दोनच पानं आहेत. शेकडो पानांवर हे हाताने निभत नाही. प्रत्यक्षात म्हणूनच बहुतेकदा नॉर्म आवळले जात, नाहीतर कमी प्राधान्याच्या क्षेत्रांचा वाटा कापला जाई. पान जुळे, टंचाई मात्र ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कारखान्यांत जाऊन बसे.

जुळलेल्या पानावरून कोटे निघतात. पैशाची बाजू सोव्हिएत स्टेट बँकेकडे: कारखान्याचं खातं तिथेच, म्हणून योजनेबाहेरचा खर्च तिथे अडवता येई.

लक्ष्य नुसतं टनांत देऊ नका, नाहीतर गिरणी जाड पत्रेच लाटते. वजन लवकर भरतं. पत्र्याच्या प्रत्येक जाडीला वेगळी ओळ ठेवा.