इंग्लंडच्या मध्ययुगीन राजाचं कर्तृत्व कसं तोलावं

मी दिवाणी वकील आहे. जमिनीच्या ताब्याचे दावे चालवते आणि हाताखालच्या ज्युनिअरांना इंग्लंडचे जुने राजे आवर्जून वाचायला लावते. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

लढायांपासून सुरुवात करू नका. पहिला रिचर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, पण दहा वर्षांच्या राजवटीत तो इंग्लंडात जेमतेम सहा महिने राहिला. त्याच्या वडिलांकडे जा: दुसरा हेन्री, 1154 ते 1189. राज्य त्याच्या हाती कोणत्या अवस्थेत आलं ते आधी बघा. स्टीफन आणि मटिल्डा या गादीच्या दोन दावेदारांमधली यादवी नुकती संपली होती, आणि कुणाची जमीन कुणी बळकावली याच्या तक्रारी सगळीकडे होत्या.

मग त्याची एकच सुधारणा निवडा आणि ती प्रत्यक्षात कशी चाले, हे क्रमाने लिहून काढा. मी ‘नॉव्हेल डिसीझिन’ निवडायला सांगते. तुम्हाला जमिनीवरून हुसकावलं, तर पैसे भरून राजाचा हुकूमनामा, म्हणजे रिट, घ्यायची. शेरीफ, म्हणजे राजाचा त्या परगण्यातला अधिकारी, आसपासची बारा माणसं निवडी आणि ती जाऊन जागा बघून येत. राजाचा फिरता न्यायाधीश आला की त्यांना एवढंच विचारी: याला अन्यायानं, न्यायनिवाड्याशिवाय, अलीकडे बेदखल केलं का? उत्तर ‘हो’ आलं की ताबा परत. मालकीचा प्रश्न तिथे निघतच नसे. त्याला वेगळा दावा. भूदासांना मात्र ही दाद नव्हती, तेही नोंदवा.

आता आपला 1963 चा स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट उघडा आणि कलम 6 वाचा. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला असेल, तर सहा महिन्यांत दावा लावा. समोरच्यानं मालकी सांगितली तरी ताबा परत मिळतो. विचार तोच. हे कलम वाचताना मला आजही हेन्रीबद्दल खरा आदर वाटतो.

पुढची कसोटी: राजा जवळ नसताना काम चालत होतं का? हेन्रीचा निम्म्याहून अधिक काळ फ्रान्समधल्या मुलखांत गेला, तरी न्यायालयं चालत राहिली.

श्रेय देताना मूळ कागद तपासा. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद; तिच्यावर हेन्रीचा मुलगा राजा जॉन यानं 1215 मध्ये मोहोर उमटवली, पण काही आठवड्यांतच पोपनं ती रद्द ठरवली. तिसऱ्या हेन्रीच्या काळात ती सुधारून पुन्हा निघाली. ब्रिटिश सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर शोधलीत, तर पहिल्या एडवर्डनं कायम केलेली 1297 ची प्रत सापडेल. तिचं कलम 29 अजून लागू आहे.

याच एडवर्डनं 1290 मध्ये जमीनहस्तांतराचा ‘क्विया एम्प्टोरेस’ हा कायदा केला, आणि त्याच वर्षी इंग्लंडातल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर घालवलं. टिपण काढताना या दोन्ही नोंदी एकाच पानावर, एकाखाली एक घ्या.