संध्याकाळच्या टोर्नेडोचा अंदाज: मी काय काय बघते

नॉर्मन, ओक्लाहोमात मे लागला की सकाळचा चहा उकळेपर्यंत मी वादळ अंदाज केंद्राचा धोक्याचा नकाशा उघडते; रंग जितका गडद तितका धोका जास्त. साडेअकरा आणि तीनच्या सुमारास तो नव्याने येतो. रंग कुठे सरकला, गडद झाला का, ते बघा.

मग दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं माप. तो ६५ फॅरनहाइटच्या वर गेला की समजा, मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा पोचली. अंगणात दोन मिनिटं उभं राहिलं तरी कुर्ता पाठीला चिकटतो.

एवढं असून दुपारभर ढग उभे राहिले नाहीत, तर निर्धास्त होऊ नका. वर उबदार हवेचं झाकण असतं, खाली वाफ कोंडत राहते. झाकण सुटलं की तासाभरात ढग आभाळाला भिडतो.

खरं जपायचं ते सूर्यास्ताला. जमिनीलगतचा वारा मंदावतो, पण थोड्याच उंचीवर दक्षिणेचा वारा जोर धरतो. या फरकानं हवेला पीळ पडतो. संध्याकाळी सातच्या हवामान-बलूनच्या नोंदीत मी आधी पहिल्या किलोमीटरमधलाच वारा वाचते. ३ मे १९९९ला टोर्नेडोनं आमच्या शेजारचं मूर शहर उद्ध्वस्त झालं तेही संध्याकाळीच.

रडारच्या वाऱ्याच्या वेगाच्या चित्रात लाल (रडारपासून दूर जाणारा वारा) आणि हिरवा (रडारकडे येणारा) ठिपका एकमेकांना खेटलेले दिसले, तर तिथे फिरकी आहे. अंधारात खिडकीशी थांबू नका. हवामान खात्याच्या इशाऱ्यांत 'वॉच' म्हणजे तयारी, 'वॉर्निंग' म्हणजे लगेच आत. आमच्याकडे मुलांचे बूट आणि सायकलची हेल्मेटं चारलाच आतल्या बाथरूममध्ये ठेवलेली असतात.